आशाताईंची पिशवी आणि अडीच टक्के
आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर गेला की बालमृत्यू आपोआप घटतील, असा एक दावा वाचला. ‘आपोआप’ तेवढं पटलं नाही. २०१७च्या आरोग्य धोरणातलं ते उद्दिष्ट २०२५चं होतं. २०२१-२२ला आपण १.८४ टक्क्यांवर होतो. वाढ हवीच, वाद नाही. पण गडचिरोली बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाचे श्वास मोजायचे, वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग वाटला तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. (तेव्हा त्यावरून केवढा गहजब!) तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. १९९९मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर असा कार्यक्रम व्हायला २०११ उजाडलं.

माझ्या भाचीच्या बाळंतपणानंतर आशाताई आल्या होत्या. पिशवीत थर्मामीटर, घड्याळ, वजनकाटा. बाळाला झोळीत घालून काट्याला अडकवलं, आकडा दोनदा वाचला, मग आजीबाईंना मध चाटवण्यावरून चांगलंच झापलं. बेचाळीस दिवसांत अशा सहा भेटी, आणि त्या सगळ्या पूर्ण केल्या की मोबदला २५० रुपये. सहा भेटींचे मिळून! तोही वेळेवर येत नाही म्हणाल्या. वाढीव पैशाची चर्चा करायचीच तर मी आधी खर्चातल्या या मोबदल्याच्या ओळीवर बोट ठेवीन, नव्या इमारतींचं नंतर बघू.