‘जमिनीचा पोत’ बिघडला म्हणजे नक्की काय बिघडलं?

अनुवादवाट
फ्लाइट सिम्युलेटरसाठी (संगणकावर विमान उडवण्याच्या प्रणालीसाठी) विमानतळ रचणाऱ्या नवख्यांना उपयोगी पडेल अशी मार्गदर्शिका मराठीत लिहितेय. धावपट्टी, टॅक्सीवे (धावपट्टीकडे नेणारा रस्ता), एप्रन (विमानं उभी करायची जागा) इथपर्यंत ठीक चाललं होतं. ‘ग्राउंड टेक्स्चर’पाशी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या चित्रापाशी, अडले. संगणकाच्या मराठीत टेक्स्चरला ‘पोत’ म्हणतात, म्हणून प्रकरणाला नाव दिलं ‘जमिनीचा पोत बिघडल्यास’. कच्चा मजकूर बहिणीला वाचायला दिला, तर ती म्हणाली, “यात शेणखताचा उल्लेख कसा नाही?” तिला तो शेतीचाच लेख वाटला होता.

तर, जमिनीवर अंथरलेल्या त्या चित्राला काय म्हणायचं? शिवाय ‘बिघडला’ हा एकच शब्द मी चार बिघाडांना वापरलाय: धूसर दिसणं, फडफडणं, तुकड्यांमध्ये रेघ दिसणं आणि पट्ट्यांभोवती पांढरी कड येणं. चौघांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून शब्दही वेगळे हवेत.

काळीमाती
बहिणीचं बरोबर आहे. ‘जमिनीचा पोत’ हा शब्द आधीच दिलेला आहे, तो परत मागू नका. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं प्रमाण म्हणजे पोत. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान असतो, वाळूचा ०.०५ ते २ मिलिमीटर. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हा पोत मशागतीनं सहसा बदलत नाही, बदलते ती मातीची घडण. पण क्षार वाढले की लोक ‘पोत बिघडला’ असंच म्हणतात. माझे वडील तसंच म्हणायचे, आणि मी शिकून आल्यावर त्यांची चूक काढली होती. आज काढणार नाही.

कोशवेडी
पोत मुळात कापडाचा. ‘ओतप्रोत’ आठवा: ओत म्हणजे उभा विणलेला, प्रोत म्हणजे आडवा. पोत हा या प्रोताचाच वंशज, असं माझं ठाम मत आहे. आणि ‘टेक्स्चर’चा लॅटिनमधला मूळ धातूही विणण्याचाच. दोन्ही भाषा मागावरच भेटतात! म्हणून पोत सोडू नये, फक्त ‘जमिनीचा’ काढावा.

काळीमाती
प्रोत ते पोत ही तुमची आवडती व्युत्पत्ती आहे, आधार दिसला नाही. संस्कृतात पोत म्हणजे जहाजही, आणि मराठीत मण्यांची ती पोत. तिन्ही एकाच मागावर कसे विणणार?

धावपट्टी२७
मी गेली काही वर्षं विमानतळ रचतोय. आमच्यात कुणी पोत म्हणत नाही. आम्ही ‘टेक्स्चर’ म्हणतो, आणि ते नपुंसकलिंगी: ते टेक्स्चर, ती टेक्स्चरं. त्यात वीणही नाही आणि हाताला लागणारा स्पर्शही नाही. ते सपाट चित्र आहे.

‘धूसर’बद्दल मात्र बोललं पाहिजे. ४०९६ पिक्सेल रुंदीचं चित्र ४ किलोमीटर जमिनीवर ताणलं तर एका पिक्सेलला जवळजवळ १ मीटर येतो. ४५ मीटर रुंद धावपट्टीला ४५-४६ पिक्सेल मिळाले. मधली पांढरी रेघ ०.९ मीटरची असेल तर ती एक पिक्सेलही पुरता भरत नाही. हा बिघाड नव्हे, ही तोकडी मापं. पट्ट्यांसाठी वेगळा, बारीक मापाचा थर घ्यावा लागतो. याउलट मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये चित्र ४०९६चं असूनही मूळ मांडणीतली मर्यादा १०२४ची असते. ती वाढवली नाही तर चांगलं चित्रही धूसर दिसतं. चित्र तोकडं की मर्यादा तोकडी, हे आधी ओळखायचं.

अनुवादवाट
हे फारच उपयोगी! मग धूसर, पुसट आणि अंधुक असे तीन वेगळे ठेवू का? धूसर म्हणजे तपशील हरवलेला. पुसट म्हणजे चाकांनी झिजलेला रंग, जो आपण मुद्दाम रंगवतो. आणि अंधुक हा उजेडाचा प्रश्न.

धावपट्टी२७
ठेवा. ‘पट्टे पुसट दिसतात’ ही तक्रार वाचून मी एकदा तासभर चित्राची मापं तपासत बसलो होतो. विचारणाऱ्याला झीज कमी करून हवी होती.

जुनीपाटी
‘टेक्स्चर’ तसंच ठेवायचं हे मला पटत नाही. मेयरला ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी दिला तेव्हाही लोकांना अवघड वाटलाच असेल. आज तो कुणाला टोचत नाही. धावपट्टीसुद्धा कुणीतरी बसून घडवलीच ना? ‘भूचित्र’ म्हणा.

कोशवेडी
भूचित्र म्हणजे नकाशा वाटेल. ‘पांघरूण’ कसं? उंचसखल जमिनीवर ते चित्र पांघरलेलंच असतं.

काळीमाती
जमिनीच्या बाजूनं पांघरूण, पण विमानाच्या बाजूनं अंथरूण. मूळ प्रश्नात ‘अंथरलेलं चित्र’ असंच सहज आलंय. मला ते आवडलं.

जुनीपाटी
अंथरूण म्हटल्यावर झोपच आठवणार.

धावपट्टी२७
मला फडफडण्याची जास्त काळजी आहे. दोन पृष्ठं एकाच उंचीवर आली की कुठलं पुढे काढायचं हे यंत्राला ठरवता येत नाही. खोलीचा हिशेब अपुरा पडतो आणि लांबून पाहताना तर जास्तच. कधी गवत, कधी डांबर दिसतं. याला इंग्रजीत खोलीच्या अक्षावरचं भांडण म्हणतात.

कोशवेडी
‘खोलीचं भांडण’ करू नका, वाचणाऱ्याला भाडेकरू आठवतील. ‘लुकलुकणं’?

धावपट्टी२७
लुकलुकतो तो एकटा तारा. इथे दोघं आळीपाळीनं डोकं वर काढतात. लांबच्या बारीक पट्ट्या चमचमतात ते आणखी वेगळं. तिथे चित्राच्या निम्म्या-निम्म्या मापाच्या प्रती बनवलेल्या नसतात. म्हणून फडफड इकडे आणि चमचम तिकडे. फडफडीला डांबराचं पृष्ठ थोडं उचलून पाहतात, पण जास्त उचललं तर विमानाची चाकं जमिनीत रुतलेली दिसतात. त्यापेक्षा थरांचा क्रम सांगावा. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये थराचा गट आणि त्यात उणे ५ ते अधिक ५ असा क्रमांक देता येतो.

अनुवादवाट
फडफड आणि चमचम घेतले. पांढऱ्या कडेला काय म्हणू? पिवळ्या पट्ट्याभोवती लांबून फिकट झालर येते. पारदर्शक भागातल्या पिक्सेलांना मुळात पांढरा रंग असतो. चित्र लहान होताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी निघते आणि तो पांढरा मिसळतो. पारदर्शक भागही आधी पिवळा भरून ठेवला की जातं. ‘रंग फुटतो’ असं लिहिलंय.

काळीमाती
फुटतो नव्हे, लागतो. धुताना एका कपड्याचा रंग दुसऱ्याला *लागतो*. कडेच्या पट्ट्याला शेजारचा पांढरा लागला.

कोशवेडी
वा! हे आईच्या तोंडचं मराठी आहे. आणि बघा, परत कापडापाशीच आलो. पोत सोडू नका असं मी म्हणत होतेच.

जुनीपाटी
पोताला माझा विरोध नाही, टेक्स्चरला आहे.

धावपट्टी२७
पण शोधणारा माणूस टेक्स्चर असंच शोधणार. त्याला ‘अंथरचित्र’ सापडेल का? लिनक्सवर फाइलच्या इंग्रजी नावातलं एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी एक्स-प्लेनला ते चित्र सापडत नाही. माणसाचंही तसंच होतं.

अनुवादवाट
चौथा बिघाड राहिलाय. दोन तुकड्यांमध्ये बारीक रेघ दिसते, तिला ‘शिवण’ लिहिलंय.

काळीमाती
शिवण मुद्दाम घातलेली असते. दगडी भिंतीत दोन दगडांमध्ये राहते ती दरज. गवंडी दरजा भरतात.

अनुवादवाट
सुंदर शब्द. पण ‘दरजा तपासा’ असं छापलं तर वाचणारा ‘दर्जा तपासा’ वाचेल आणि चित्र आणखी मोठ्या मापाचं करत बसेल.

कोशवेडी
मग एकवचनातच लिहा, ‘दरज दिसते का पाहा’.

जुनीपाटी
सांधा म्हणा की सरळ.

धावपट्टी२७
सांधा नको. एप्रनच्या काँक्रीटला खरेच सांधे असतात आणि ते आम्ही हौसेनं रंगवतो. ते कुणी बिघाड म्हणून पुसून टाकेल.