मदत हवी आहे: इंदुरात राहून शेव कशी सोडायची?

मंडळी, वय ४१, राजवाड्याजवळ दुकान. रक्तदाब जरा वर दिसतोय म्हणून डॉक्टरांनी मीठ आणि तळलेलं कमी करायला सांगितलंय. गोळ्या नाहीत, शुगर ठीक.

सराफा (इथला रात्रीचा खाऊबाजार) सुटला, रात्री आठला जेवलं की तिकडे पाय वळत नाहीत. सकाळचे पोहे आता घरचेच, जिलबीशिवाय. पण शेव! आमच्याकडे ती वरण-भातावरही पडते (पुण्याचे सासरे कपाळाला हात लावतात). त्यात संध्याकाळी साडेपाचला दुकानात चहाबरोबर लौंग (लवंगेच्या) शेवेचा शंभर ग्रॅमचा पुडा कधी संपतो कळतच नाही.

एकदम बंद करून पाहिली. नऊ दिवस टिकलो, दहाव्या दिवशी दुप्पट खाल्ली. मखान्यांनी भूक भागत नाही. भाजलेले चणे त्यातल्या त्यात जमले, पण नुसते घशाखाली उतरत नाहीत. जिरावण (पोह्यांवर घालतात तो इंदुरी मसाला) भुरभुरलं की मस्त लागतात, पण त्यात मीठ असतंच, मग कमावलं काय?

दुकानात फ्रिज नाही, गॅस नाही. गिऱ्हाईक सांभाळत एका हाताने खाता आलं पाहिजे. अंडी चालत नाहीत. बायकोवर आणखी काम टाकायचं नाही. रविवारी मी स्वतः आठवड्याचं करून ठेवू शकतो. शेव घरात येणारच, मुलं ऐकणार नाहीत.

तर चहाबरोबर चालेल असं, न तळलेलं, कमी मिठाचं, डब्यात सहा दिवस कुरकुरीत राहणारं काय करता येईल? आणि मीठ न घालता घरी जिरावण कुणी केलंय का? आंबटपणासाठी आमचूर किती घालता?