ॲपमधली स्क्रीन बंद झाली की चालू रिक्वेस्ट लायब्ररीने स्वतःहून रद्द करावी का?

जुळेसोलापूरकर:
आठवडाभर ऑफिसात यावर वाद चाललाय, म्हणून इथे मांडतो. होटगी रोडला आम्ही तिघं अँड्रॉइड ॲप करतो. ओकेएचटीटीपी या सर्व्हरशी बोलणाऱ्या तयार कोडवर बेतलेली आमची स्वतःची छोटी नेटवर्क लायब्ररी आहे आणि तीन ॲप तिच्यावर चालतात. त्यातलं मोठं म्हणजे चादर-टॉवेलच्या ठोक व्यापाऱ्यांचं ऑर्डर ॲप. चालू रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरकडे केलेली मागणी, रद्द करायची सोय लायब्ररीत आहे, पण ती हाताने बोलवावी लागते आणि कुणीच बोलवत नाही. माझं म्हणणं असं, की ॲपमधली एखादी स्क्रीन, म्हणजे पान, बंद झाली की तिने सोडलेल्या सगळ्या रिक्वेस्ट लायब्ररीनेच रद्द कराव्यात. ज्याला नको असेल त्याने तसं लिहावं.

मागच्या महिन्यात चाटी गल्लीतल्या एका दुकानात दोन तास बसलो होतो. मालक कॅटलॉगमधून एक डिझाइन उघडतात, मागे येतात, दुसरं उघडतात. बोट भराभर चालतं. पाच-सहा डिझाइननंतर ॲप थबकलं, नुसतं चक्र फिरत राहिलं. नेटवर्कच्या दोन कांड्या होत्या, म्हणजे अगदीच मेलेलं नव्हतं. ऑफिसात येऊन लॉग काढला तेव्हा उलगडा झाला. ओकेएचटीटीपीचा डिस्पॅचर, म्हणजे रिक्वेस्ट वाटणारा भाग, एका होस्टकडे (एका सर्व्हर-पत्त्याकडे) एका वेळी ५ च असिंक, म्हणजे मागच्या मागे चालणाऱ्या, रिक्वेस्ट सोडतो, बाकीच्या रांगेत. मालकांनी केव्हाच बंद केलेल्या स्क्रीनचे मोठे फोटो त्या पाचही जागा अडवून उतरत होते आणि डोळ्यांसमोरचं डिझाइन सहाव्या नंबरवर उभं होतं.

दुसरी गोष्ट त्याच दुकानातली. शोधपट्टीत त्यांनी 'जेकार्ड' लिहिलं. आम्ही अक्षरागणिक रिक्वेस्ट सोडतो. 'जेकार्ड'चं उत्तर आधी आलं, 'जे'चं मागून आलं आणि यादीवर येऊन बसलं. जेकार्ड चादरींच्या जागी जेट ब्लॅक टॉवेल. मालक म्हणाले, "हे मी मागितलंच नव्हतं." त्यांचं बरोबर होतं.

ही काही नवी मागणी नाही. २०१३ साली गूगलने व्हॉली ही नेटवर्क लायब्ररी आणली तेव्हापासून तिच्यात रिक्वेस्टना टॅग, म्हणजे खूण, लावून एका दमात सगळं रद्द करता येतं. फोटो उतरवणाऱ्या ग्लाइड लायब्ररीला तर सांगावंही लागत नाही, फ्रॅगमेंट (स्क्रीनचा तुकडा) गेला की त्याच्या फोटोची रिक्वेस्ट ती स्वतःच रद्द करते. मग यादी आणि तपशिलाच्या रिक्वेस्टनी काय पाप केलंय?

अशोकचौक_बॅकएंड:
दादा, माझा ठाम विरोध आहे. नऊ वर्षं मी या रिक्वेस्टचं दुसरं टोक, म्हणजे सर्व्हर, सांभाळते, तिकडून कसं दिसतं ते सांगते.

फोनवर तुम्ही रद्द म्हणता तेव्हा तारेवरून जातं काय? फोन आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांची जुनी आवृत्ती, एचटीटीपी/१.१, असेल तर सॉकेट, म्हणजे ते कनेक्शनच, बंद होतं. एचटीटीपी/२ असेल तर एका कनेक्शनमध्ये अनेक स्ट्रीम, म्हणजे प्रवाह, असतात; त्यातल्या त्या स्ट्रीमपुरती आरएसटी स्ट्रीम नावाची फ्रेम (छोटा निरोप) जाते. पोचलेली रिक्वेस्ट त्याने परत येत नाही. आमच्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये ४९९ हा कोड उमटतो, म्हणजे उत्तर निघायच्या आत क्लायंट निघून गेला. मागे पीएचपी, म्हणजे उत्तर तयार करणारा आमचा प्रोग्रॅम, मात्र चालूच असतं. समोरचा गेला हे त्याला कळतं ते काहीतरी आउटपुट पाठवायला गेल्यावर. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरी, म्हणजे माहितीचा शोध, चालू असताना क्लायंट अजून आहे का हे अधूनमधून तपासायची सेटिंग १४व्या आवृत्तीत आली, २०२१ मध्ये, आणि ती मुळात बंद असते. कुणी मुद्दाम चालू केली नसेल, तर तुमची 'रद्द' झालेली क्वेरी शेवटच्या ओळीपर्यंत धावते.

आधीच्या नोकरीत आम्ही तुम्ही म्हणताय तेच केलं होतं. एका गिऱ्हाइकाने टॉवेलची ऑर्डर टाकली. चक्र फिरत राहिलं, त्यांनी मागे जायचं बटण दाबलं, ॲपने रिक्वेस्ट रद्द केली. ऑर्डर गेली नाही असं समजून त्यांनी पुन्हा टाकली. आमच्याकडे दोन नोंदी पडल्या, दोन्हींचे गठ्ठे बांधले गेले. दोन्ही त्यांच्या दारात उतरले तेव्हा फोन आला. त्या माणसाची तिळभरही चूक नव्हती. आम्हीच त्यांना ऑर्डर गेली नाही असं भासवलं होतं. परतीचं भाडं कारखान्याच्या मालकांनी सोसलं. त्यांनी मला एक शब्दही सुनावला नाही आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणून सांगते, लायब्ररीने स्वतःहून काहीही रद्द करू नये. रिक्वेस्ट लिहिणाऱ्याने विचार करून रद्द करावी.

सातरस्ता_आयओएस:
ताई, ऑर्डरचं शंभर टक्के पटलं. पण सुक्याबरोबर ओलं का जाळायचं? ऑर्डर पोस्टने, म्हणजे काही नोंदवणाऱ्या रिक्वेस्टने, जाते; कॅटलॉग गेटने, म्हणजे नुसती माहिती मागणाऱ्या रिक्वेस्टने, येतो. गेट दहा वेळा मारला तरी सर्व्हरवर काही बदलू नये, असा एचटीटीपीचा नियमच आहे. ती रद्द झाली तर कुणाचं गाठोडं दोनदा बांधलं जाणार आहे? विचार करून रद्द करा म्हणता, पण जुळेसोलापूरकर पहिल्याच परिच्छेदात सांगतात की हाताने कुणीच बोलवत नाही. माझ्या टीममध्येही तेच चित्र आहे. सोय असूनही वापरली जात नसेल, तर ती डिफॉल्टच, म्हणजे न सांगता आपोआप लागू, व्हायला हवी.

मात्र डिफॉल्ट करण्याआधी एक पक्कं करा. रद्द होणं ही चूक नाही, हे लायब्ररीला कळलं पाहिजे. आमच्याकडे आयफोनवर नेटवर्कचं काम यूआरएलसेशन करतं, त्याचं टास्क रद्द केलं की एरर मिळते, कोड उणे ९९९. नवीन मुलं ती सरळ लाल पट्टीत दाखवतात, 'इंटरनेट तपासा' म्हणून. माणूस स्वतः मागे आलेला असतो, त्याचं इंटरनेट ठणठणीत असतं. तुमच्याकडे तर जास्त धोका आहे. ओकेएचटीटीपी रद्द झाल्यावर आयओएक्सेप्शन नावाची एरर देतं, आणि नेटवर्क तुटलं तरी आयओएक्सेप्शनच. कुणी पुन्हा प्रयत्न करणारा कोड लिहिला असेल, तर तो रद्द झालेली रिक्वेस्ट इमानेइतबारे परत पाठवेल. अँड्रॉइडच्या कोटलिन भाषेतल्या को-रूटीनमध्येही (मागच्या मागे चालणाऱ्या कामांमध्ये) सगळी एक्सेप्शन, म्हणजे एरर, एकाच कॅचमध्ये पकडली की रद्द झाल्याचा निरोप तिथेच गिळला जातो आणि पुढचा कोड चालत राहतो. हे आधी दुरुस्त करा, मग डिफॉल्ट.

अंतिमवर्ष_संगणक:
सर, शंका आहे. उत्तर आल्यावर स्क्रीन जिवंत आहे का ते बघायचं, नसेल तर उत्तर टाकून द्यायचं. शोधाला एक क्रमांक लावायचा आणि जुन्या क्रमांकाचं उत्तर आलं तर दुर्लक्ष करायचं. एवढ्याने भागत नाही का? रद्द कशाला करायचं?

जुळेसोलापूरकर:
चांगला प्रश्न आहे. 'जे' आणि 'जेकार्ड'चा गोंधळ तेवढ्याने नक्की मिटतो, आणि तो क्रमांक रद्द करण्याच्या जोडीलाही ठेवावाच. पण पाच जागांचं काय? टाकून द्यायचं उत्तरसुद्धा पूर्ण उतरेपर्यंत जागा अडवतं, गिऱ्हाइकाचा डेटा खातं, फोनच्या नेटवर्क रेडिओला झोपू देत नाही. चाटी गल्लीत अडकलं होतं ते तिथेच.

कुर्डुवाडी_जंक्शन:
मी ताईंच्या बाजूचा, पण माझं कारण वेगळं.

दर आठवड्याला हुतात्मा एक्सप्रेसने पुणे-सोलापूर ये-जा करतो आणि माझं ॲप त्या गाडीतच तपासतो. जेऊर सोडलं की नेटवर्क येतं-जातं. अशा ठिकाणी सगळ्यात महाग वस्तू म्हणजे जुळलेलं कनेक्शन. एचटीटीपी/१.१ वर तुम्ही रद्द केलंत की सॉकेट गेलं. पुढच्या रिक्वेस्टला नवं कनेक्शन जुळवायला टीसीपीची सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन एक फेरी, त्यावर सुरक्षेसाठी टीएलएस १.३ असेल तर आणखी एक, १.२ असेल तर दोन. एक फेरी अर्ध्या सेकंदाची धरली, तरी कामाचा पहिला बाइट निघायच्या आत एक-दीड सेकंद गेला. आणि रद्द काय केलं? वीस केबीची यादी, जिचे सोळा केबी उतरले होते.

ओकेएचटीटीपीचीच वागणूक बघा. उत्तर अर्धवट वाचून नुसतं बंद केलं, तर उरलेले बाइट रिकामे करायला ते १०० मिलिसेकंदांपर्यंत थांबतं, का तर कनेक्शन वाचावं. रद्द केलं तर ती संधीच नाही. शिवाय उत्तर शेवटपर्यंत वाचलं तरच ते कॅशमध्ये, म्हणजे फोनवरच्या साठ्यात, जातं. व्यापारी दोन मिनिटांनी तेच डिझाइन परत उघडतो तेव्हा कॅशमधून लगेच मिळालं असतं, ते तुम्ही हाताने घालवलं. त्यापेक्षा पूर्ण कॉलला वेळेची मर्यादा घाला. तिचं डिफॉल्ट शून्य असतं, म्हणजे मर्यादाच नाही, आणि बहुतेकांनी ते कधी बदललेलं नसतं.

सातरस्ता_आयओएस:
कनेक्शनचा मुद्दा एचटीटीपी/१.१ पुरता खरा. एचटीटीपी/२ वर एकच स्ट्रीम बंद होतो, बाकीचं कनेक्शन शाबूत राहतं. सर्व्हरवर ते चालू करा की. २०१५ पासून ते प्रमाणित आहे, अजून किती थांबायचं?

अशोकचौक_बॅकएंड:
चालू आहे. पण तिथेही उधळपट्टी नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये रॅपिड रीसेट हल्ला जाहीर झाला तो याच रस्त्याने. स्ट्रीम उघडायचा, लगेच रद्द करायचा, पुन्हा उघडायचा. क्लायंटला जवळजवळ फुकट, सर्व्हरला प्रत्येक वेळी काम. त्यानंतर सर्व्हरवाल्यांनी रीसेट मोजायला सुरुवात केली आणि अति झाले की पूर्ण कनेक्शन तोडायची सोय केली. तुमचं ॲप हल्ला करत नाही हे मला ठाऊक आहे. पण अक्षरागणिक रिक्वेस्ट सोडून अक्षरागणिक रद्द करणं म्हणजे लहान प्रमाणात तेच. आधी बोट थांबल्यावर ३०० मिलिसेकंद वाट बघा. न पाठवलेली रिक्वेस्ट रद्दही करावी लागत नाही.

जुळेसोलापूरकर:
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण कोड उघडून बसलो होतो. ताई, तुमच्या गठ्ठ्यांची गोष्ट ऑफिसात वाचून दाखवली. आमच्या लायब्ररीत आज तसंच घडू शकतं, तेही माझ्या प्रस्तावाशिवाय, निव्वळ टाइमआउटने, म्हणजे उत्तराची वाट बघायची वेळ संपल्याने.

म्हणून प्रस्ताव बदलतो. पोस्ट, पुट, डिलीट, म्हणजे सर्व्हरवर काही बदलणाऱ्या रिक्वेस्ट, स्क्रीनच्या हातात राहणार नाहीत. ऑर्डर वर्कमॅनेजरकडे, म्हणजे स्क्रीन गेली तरी काम पुरं करणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीकडे, जाईल आणि फॉर्म उघडतानाच तिच्यासाठी एक युनिक की, म्हणजे वेगळा ओळखक्रमांक, तयार होईल, म्हणजे तीच ऑर्डर पुन्हा पोचली तरी सर्व्हर तिला ओळखेल. मागे जायचं बटण दाबलं तर 'ऑर्डर पाठवतोय' ही ओळ यादीत दिसत राहील, गिऱ्हाइकाला अंदाज बांधावा लागणार नाही. फोन आडवा केला की अँड्रॉइड स्क्रीन नव्याने बनवतं; तेवढ्याने काही रद्द होऊ नये, यासाठी रिक्वेस्ट स्क्रीनऐवजी त्यातूनही टिकणाऱ्या व्ह्यूमॉडेलशी बांधतोय.

गेटच्या बाबतीत मात्र माझा हट्ट कायम आहे, डिफॉल्ट रद्दच. कुर्डुवाडीकरांचं एवढं घेतलं: रिक्वेस्ट रांगेत असेल किंवा उत्तराचे हेडर (मजकुराआधी येणारी माहिती) आले नसतील तर तिथेच रद्द. उत्तर उतरायला लागलं असेल आणि कंटेंट-लेंग्थ, म्हणजे हेडरमध्ये सांगितलेला उत्तराचा आकार, १०० केबीच्या आत असेल, तर त्याला पुरं होऊन कॅशमध्ये जाऊ द्यायचं, फक्त बंद झालेल्या स्क्रीनला ते द्यायचं नाही. मोठे फोटो लगेच तोडायचे. आणि या दोन गोष्टींना लायब्ररीत दोन वेगळी नावं, 'रद्द' आणि 'ऐकणं थांबव'. आजवर दोन्हींना एकच नाव होतं, निम्मा वाद तिथेच होता.

कुर्डुवाडी_जंक्शन:
हे चालेल. फक्त ज्या उत्तराला कंटेंट-लेंग्थच नाही, त्याचं काय करायचं ते लिहून ठेवा. जीझिप केलेल्या, म्हणजे दाबून लहान केलेल्या, उत्तराला ती बहुतेकदा नसते. मी असतो तर तोडलं नसतं.

अशोकचौक_बॅकएंड:
गेट म्हणजे निरुपद्रवी, हे नियमात खरं आहे. तुमच्या ॲपला एपीआय, म्हणजे सर्व्हरवरची माहिती मागायचे दरवाजे, देणाऱ्या कुणी तो पाळलाय का, ते तपासलंत? मी ज्या जुन्या एपीआय सांभाळते, त्यात शिल्लक माल बघताना पंधरा मिनिटांसाठी तो राखून ठेवणारी एक एपीआय आहे, आणि ती गेट आहे. मी लिहिली नाही, पण ती आहे. तुमचा व्यापारी डिझाइन उघडून मागे येईल, तुम्ही रद्द कराल, माल मात्र अडकलेला राहील आणि दुसऱ्याला 'शिल्लक नाही' दिसेल.

जुळेसोलापूरकर:
तपासलं नव्हतं. आता एकेक गेट उघडून बघतो. आमच्यातही तसली एक निघाली तर नवल वाटणार नाही.

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरेल तेव्हा होम मैदानावर संध्याकाळी जी गर्दी असते, त्यात नेटवर्क कसं गुदमरतं ते आपण सगळेच जाणतो. दोन फोन घेऊन उभा राहणार आहे, एकावर जुनी लायब्ररी, एकावर नवी, आणि तेच वीस डिझाइन दोन्हींवर उघडणार. कुणी येणार का सोबत?

अशोकचौक_बॅकएंड:
मी येते, सर्व्हरचा लॉग लॅपटॉपवर उघडून. ती माल राखून ठेवणारी एपीआय त्याआधी पोस्ट करून घेते. तोवर तुमचं डिफॉल्ट बंदच ठेवा.