पीएचडीच्या मुलाखतीत पॅनेल अंगावर आलं किंवा खासगी प्रश्न विचारले, तर नेमकं काय करायचं?

रसायन_परभणी

एमएस्सी केमिस्ट्री झालं आहे, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पास आहे, पण जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) नाही. पंधरा दिवसांनी एका राज्य विद्यापीठाच्या रिसर्च सेंटरवर पीएचडी प्रवेशाची मुलाखत आहे. प्रोजेक्ट झिंक ऑक्साइडच्या नॅनोपार्टिकल्सवर होता. सीनियर मुली सांगतात की काही पॅनेलं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, वर ‘लग्नाचं काय ठरलंय’, ‘आडनावावरून कळत नाही, कुठले तुम्ही’ असंही विचारतात. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे भराभर इंग्रजी बोलायची सवय नाही. अशा प्रश्नांना तिथल्या तिथे काय उत्तर द्यायचं? आणि प्रवेशच झालेला नसताना तक्रार कोणी ऐकून घेतं का?

प्रयोगवही

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. विषयावरून खोदून विचारणं हे पॅनेलचं कामच आहे, मग आवाज कितीही चढा असो. तिथे टिकायचं ते तयारीवर. लग्न, जात, घर हे प्रश्न वेगळे, त्यांचा उपायही वेगळा.

तुमचा प्रोजेक्ट ऐकून पहिला हल्ला कुठे होईल हे जवळजवळ ठरलेलं आहे: ‘पार्टिकल साइज किती आली?’ तुम्ही म्हणाल २१ नॅनोमीटर. ‘कशावरून?’ एक्सआरडी (क्ष-किरणांनी केलेली स्फटिकाची तपासणी), आणि तिच्या आलेखातल्या पीकच्या रुंदीवरून साइज काढणारं शेररचं समीकरण. आणि इथेच बहुतेक विद्यार्थी अडकतात, कारण शेररवरून पार्टिकल साइज मिळतच नाही, क्रिस्टलाइट साइज मिळते, म्हणजे कणातल्या एकसंध स्फटिकाची. एका कणात अनेक क्रिस्टलाइट असू शकतात. कणाचा आकार पाहायला टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) लागतं. तेव्हा पहिल्या वाक्यापासून ‘क्रिस्टलाइट साइज’ असंच म्हणा.

पुढे फळ्यावर गणित करायला लावतील. घरी हातानेच सोडवून जा: कॉपर के-अल्फा (क्ष-किरणांची तरंगलांबी) १.५४०६ अँगस्ट्रॉम, के (समीकरणातला स्थिरांक) ०.९, झिंक ऑक्साइडचा १०१ पीक ३६.२ अंशांवर (हा कोन टू-थीटा), रुंदी समजा ०.४ अंश. रुंदी रेडियनमध्ये ०.००६९८. कोसाइन घ्यायचा तो थीटाचा, म्हणजे १८.१ अंशांचा, टू-थीटाचा नव्हे. उत्तर साधारण २१ नॅनोमीटर येतं. रेडियन करायचं राहिलं तर उत्तर ०.३६ नॅनोमीटर येईल. झिंक ऑक्साइडच्या युनिट सेलची सी बाजूच ०.५२ नॅनोमीटर असते, मग सेलपेक्षा लहान क्रिस्टल कसा असेल? पॅनेल हसतं ते अशा वेळी. आकडा बरोबर वाटतो का हे तुम्ही स्वतःहून तपासलंत, तर तेच लोक पुढे झुकून ऐकतात.

त्यानंतरचा प्रश्न: ‘इन्स्ट्रुमेंटल ब्रॉडनिंग वजा केलं का?’ केलं नसेल तर ‘नाही केलं’ एवढं सरळ सांगा आणि परिणाम सांगा: मशीनची स्वतःची रुंदी ०.१ अंश धरली आणि सरळ वजाबाकी केली, तर साइज २८ च्या आसपास जाते. वर्गांची वजाबाकी केली तर २१.६. कोणती पद्धत वापरायची हे पीकच्या आकारावर ठरतं: लोरेंट्झियन असेल तर सरळ, गाऊसियन असेल तर वर्गांची. स्ट्रेनचा (स्फटिकातल्या ताणाचा) विषय निघाला तर साइज आणि स्ट्रेनचा परिणाम वेगळा करणाऱ्या विल्यमसन-हॉल प्लॉटचं नाव घ्या, पण पुढचे दोन प्रश्न झेपणार असतील तरच.

‘माहीत नाही’ म्हणायला घाबरू नका, फक्त तिथे थांबू नका. ‘हे मी मोजलेलं नाही, मोजायचं झालं तर असं करीन’, असं म्हणा. ठोकून दिलेलं उत्तर पॅनेलला लगेच कळतं आणि मग ते त्याच जागी खणत राहतात.

वाक्य तोडलं तर आवाज वाढवू नका. ‘सर, एवढी एक ओळ पूर्ण करते, मग तुमच्या प्रश्नाकडे येते.’ दोघांनी एकदम विचारलं तर ‘आधी मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर देते’ म्हणून क्रम तुम्हीच लावा. इंग्रजी अडलं की फळ्याकडे जा. समीकरण आणि आकृती आधी काढा, मग बोट ठेवून लहान वाक्यांत समजवा. राज्य विद्यापीठांत ‘हा एक मुद्दा मराठीत सांगून मग इंग्रजीत सांगू का?’ असं विचारायला काहीच हरकत नाही.

नियमावली

दुसऱ्या भागाबद्दल लिहितो.

लग्नाचा प्रश्न आला तर वाद नको, खुलासाही नको: ‘संशोधनाला लागणारा पूर्ण वेळ देण्याची माझी तयारी आहे.’ बस. लगेच कामाकडे वळा: ‘मी मांडलेल्या प्रपोजलमध्ये पहिल्या वर्षाचं काम असं आहे.’ परत तोच प्रश्न आला तर तेच वाक्य त्याच आवाजात. ‘मुली मध्येच सोडून जातात’ असं कोणी म्हणालं, तर मनात एवढं पक्कं असू द्या की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी नियमांनीच याची सोय केली आहे: पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा, आणि महिलांना मुदतीत जादा २ वर्षं. हे कलम म्हणून ऐकवू नका. ‘नियमांत रजेची तरतूद आहे, त्यात बसवून काम पूर्ण करीन’, एवढं पुरे.

जातीचा प्रश्न: ‘प्रवर्गाची कागदपत्रं अर्जासोबत दिली आहेत.’ प्रमाणपत्रांची पडताळणी कार्यालयाचं काम आहे, पॅनेलसमोर त्याची चर्चा करण्याचं कारण नाही.

आता तक्रार. यूजीसीच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमांत ‘विद्यार्थी’ या शब्दात प्रवेशाच्या प्रक्रियेत असलेली व्यक्तीही धरली आहे, प्रवेश झालेला नसला तरी. म्हणजे शरीरावरून शेरा, सूचक बोलणं, ‘एकटीच भेटायला या’ असं काही घडलं, तर त्याच संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येतं. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत, लेखी. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. ‘तुम्ही अजून आमच्या विद्यार्थिनी नाही’ असं सांगून परत पाठवलं तर हेच कलम दाखवा.

जातीवरून वागणूक, गुणांत गोंधळ, जाहीर केलेली प्रक्रिया न पाळणं यासाठी यूजीसीच्याच २०२३ च्या नियमांखालची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिथेही प्रवेश मागणारा विद्यार्थी मोजला जातो. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो; समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. गुण जाहीर झाले नसतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून स्वतःचे मुलाखतीचे गुण मागा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. कोणत्या सदस्याने किती दिले याच्या मागे लागू नका, ती नावं सहसा मिळत नाहीत.

हे सगळं टिकतं ते नोंदीवर. बाहेर पडल्यावर पहिल्या तासात लिहा: तारीख, वेळ, खोली, कोण कुठल्या खुर्चीत, प्रश्न शब्दशः, तुमचं उत्तर शब्दशः, आत आणखी कोण होतं. ‘अपमान केला’ असं लिहू नका, काय बोलले ते लिहा. मग ते स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. मुलाखत ऑनलाइन झाली असेल तर रेकॉर्डिंग जपून ठेवावं असा अर्ज लगेच द्या.

रसायन_परभणी

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहिली. एखादी मुलाखत बिघडलीच, तर सगळं संपलं का? आणि तसं बोलणारेच सर गाईड म्हणून मिळणार असतील तर?

प्रयोगवही

संपत नाही. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर असतो, पण तुमच्यासारख्यांना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे. मात्र नेटचे हे गुण पीएचडी प्रवेशासाठी १ वर्षच चालतात, म्हणून एकाच केंद्रावर विसंबू नका, याच वर्षी आणखी दोन-तीन ठिकाणी अर्ज टाका.

गाईडचं मात्र गंभीरपणे घ्या. मुलाखत २० मिनिटांची, गाईडसोबत ३ ते ६ वर्षं काढायची. पसंतीक्रम भरण्याआधी शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध काढा. नोंदणीचं वर्ष दिलेलं असेल तर ते आणि प्रबंध सादर केल्याचं वर्ष यांतलं अंतर बघा, मुली किती आहेत ते बघा, आणि त्यांपैकी दोघींना तरी फोन करा. ‘सर कसे आहेत’ असं विचारलंत तर ‘चांगले आहेत’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘ड्राफ्ट किती दिवसांत तपासून मिळायचा’, ‘पेपरवर पहिलं नाव कोणाचं’, ‘सुट्टी मागितली तर काय होतं’ असं विचारा. नियमाप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ विद्यार्थी असू शकतात. त्याच विभागात दुसऱ्या कोणाकडे जागा असेल तर मुलाखतीआधीच त्यांना भेटून प्रपोजल दाखवा, आणि फॉर्मवर त्यांचं नाव वर टाका.