ऑफिसचा कॉम्प्युटर आज पाचव्यांदा बसला

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, मंगळवार, सकाळी ११:४०

खजिनदार ताई (ए-३०२): सर्वांना नमस्कार. ऑफिसचा कॉम्प्युटर आज पाचव्यांदा बसला. निळी स्क्रीन येते आणि आपोआप रीस्टार्ट होतो. जूनच्या पावत्या टाकत होते, निम्म्या गेल्या. शुक्रवारी ऑडिटर येणार आहेत. ३१ जुलैच्या आत ऑडिट व्हायलाच हवं. मला आता रडू यायचं बाकी आहे.

बी-१०४ काकू: माझा चेक मिळाला ना? मागच्या वेळी घोळ ऑफिसचा आणि व्याज माझ्या बिलात.

सेक्रेटरी: काकू, ते व्याज पुढच्याच बिलात वजा केलं होतं. दर वेळी तेच नको 🙏

बी-१०४ काकू: २१ टक्के लावता तेव्हा गोड वाटतं.

बी-४०१ काका: शनिवारी रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी, वाढवली. रविवारपासून बंद पडतोय. आधी नवी रॅम काढा आणि जुन्या रॅमवर एक दिवस चालवून बघा.

सी-६०२: रॅम वाढवायची गरज होती का, हा मूळ प्रश्न आहे. कोटेशन किती घेतली? ग्रुपवर टाका.

सेक्रेटरी: मीटिंगमध्ये ठरलं होतं, तुम्ही आला नव्हतात. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, म्हणून ११ टाकलं. त्याला कमीत कमी ४ जीबी रॅम लागते, आपल्याकडे नेमकी ४ च होती. एक पावती छापायला पाच मिनिटं लागत होती. म्हणून ८ जीबीची आणखी एक घेतली.

सी-६०२: गेल्या दिवाळीपासून रॅमचे भाव काय चढलेत माहीत आहे का? सगळा माल डेटा सेंटरवाले उचलताहेत. अशा वेळी खरेदी करायची म्हणजे कमाल आहे.

सी-३०५: कॉम्प्युटरचा दोष नाही. लिफ्ट वर निघाली की आमच्या मजल्यावरचे दिवे मिणमिणतात. करंट कमी पडतो.

ए-७०१: लिफ्टचा विषय निघालाच आहे तर विचारतो, तिसऱ्या मजल्यावर दार दोनदा उघडतं त्याचं काय झालं?

सेक्रेटरी: लिफ्टवाल्याला फोन केलाय.

ए-७०१: हे होळीपासून ऐकतोय.

बी-४०१ काका: नवी रॅम काढा. जुन्यावर एक दिवस चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दुपारी २:१५

सेक्रेटरी: रॅम बसवणाऱ्या दुकानातला मुलगा येऊन गेला. विंडोजमधली मेमरी टेस्ट केली, 'काही दोष नाही' असं आलं. विंडोज नव्याने टाका म्हणतो, त्याचे पैसे वेगळे.

सी-६०२: वा. आधी दुखणं, मग डॉक्टर, आणि दोघे एकाच दुकानातले.

सेक्रेटरी: तुम्ही समितीत या ना मग. सप्टेंबरमध्ये सभा आहे, अर्ज भरा.

सी-६०२: हा मेसेज डिलीट केला गेला

ए-२०४ वहिनी: काय लिहिलं होतं? मी वाचायच्या आत उडवलं 😄

डी-५०३: नमस्कार, मी डी-५०३ ची धाकटी. ताई, विंडोज नव्याने टाकू देऊ नका प्लीज. मेमरी चुकत असेल तर टाकतानाच फायली बिघडतील. निळ्या स्क्रीनवर दर वेळी तेच शब्द येतात की वेगळे?

खजिनदार ताई (ए-३०२): वेगळे. तीन फोटो आहेत. एकावर मेमरी मॅनेजमेंट, एकावर पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, तिसऱ्यावर आयआरक्यूएल असं काहीतरी.

डी-५०३: मग ती टेस्ट पास झाली तरी संशय मेमरीवरच जातो. एखादा ड्रायव्हर (प्रिंटरसारखा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडला असता तर बहुतेक वेळा तोच तो कोड दिसला असता. आणि सी-३०५ काका, वीज कमी पडली की मशीन सहसा सरळ बंद होतं, निळी स्क्रीन दाखवायला थांबत नाही.

सी-३०५: ठीक आहे बाळा. पण दिवे मिणमिणतात हे खरं आहे.

बी-४०१ काका: पुन्हा सांगतो. नवी रॅम काढा, जुन्यावर एक दिवस चालवा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही एकेक कार्ड काढूनच दोष शोधायचो.

डी-५०३: काका बरोबर सांगताहेत. मी संध्याकाळी येते. ताई, तोवर कॉम्प्युटर बंद ठेवा. नुसतं बसणं एवढाच प्रश्न नाही. मेमरीत आकडा चुकला तर तो तसाच्या तसा डिस्कवर लिहिला जातो, आणि कुणी तक्रार करत नाही. रविवार-सोमवारचा बॅकअपही धरता येणार नाही. त्याआधीचा आहे का?

खजिनदार ताई (ए-३०२): शनिवारी सकाळी तो मुलगा येण्याआधी पेन ड्राइव्हवर घेतला होता. बी-४०१ काका मागे लागले म्हणून घेतला.

ए-२०४ वहिनी: काका 🙏🙏

बी-१०४ काकू: मग माझा चेक त्यात आहे का? मी रविवारी दिला.

रात्री ९:०५

डी-५०३: आत्ता ऑफिसमध्ये आहे. जुनी रॅम २४०० वेगाची, नवी ३२०० ची, दोन्ही डीडीआर४, म्हणजे एकाच जातीच्या. वेगवेगळ्या वेगाच्या सहसा चालतात एकत्र, फक्त वेग कमीवालीचा ठेवावा लागतो. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग) पाहिलं तर ३२०० चं प्रोफाइल, म्हणजे वेगाचं तयार सेटिंग, चालू केलेलं. म्हणजे २४०० वालीला ३२०० वर पळवत होते.

सी-६०२: हेच म्हणत होतो मी.

सेक्रेटरी: तुम्ही कोटेशन म्हणत होतात.

डी-५०३: अजून सिद्ध झालेलं नाही. दोन्ही रॅम काढून त्यांचे सोनेरी पाय खोडरबरने हलके पुसले, हात आधी कॅबिनेटच्या पत्र्याला लावून. आता पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ही मेमरीची टेस्ट लावते, विंडोज चालू न करता. आधी जुनी एकटी, मग नवी एकटी, त्याच एका खाचेत. एकही चूक आली तरी नापास. वॉचमन काकांना सांगा, स्विच बंद करू नका.

सेक्रेटरी: सांगतो. चहा पाठवू का?

डी-५०३: चालेल काका.

ए-७०१: लिफ्टवाल्यालाही चहाला बोलवा.

बुधवार, सकाळी ७:५०

बी-१०४ काकू: शुभ सकाळ 🌺

डी-५०३: जुनी एकटी, ४ फेऱ्या, चूक नाही. नवी एकटी, चूक नाही. म्हणजे दोन्ही चांगल्या आहेत. मग दोन्ही एकत्र, ३२०० चं प्रोफाइल चालू ठेवून लावल्या. पहिल्याच फेरीत लाल ओळी, म्हणजे चुका. मी थांबवलं. प्रोफाइल बंद केलं, आता दोन्ही २४०० वर आहेत. ही टेस्ट सुरू आहे, मी कॉलेजला जाते. ताई, ती पूर्ण होईपर्यंत हात लावू नका.

सेक्रेटरी: शाब्बास!

सी-६०२: मग त्या दुकानाकडून पैसे परत घ्या. सेटिंग त्यांनीच केलं.

सेक्रेटरी: रॅम चांगली आहे, ती ठेवायची. पण चुकीच्या सेटिंगमुळे ऑफिस तीन दिवस बंद, हे मी लेखी कळवतो. विंडोज टाकायचे पैसे द्यायचे नाहीत.

सी-६०२: हे बरोबर बोललात.

दुपारी ४:३०

खजिनदार ताई (ए-३०२): टेस्ट संपली. ४ फेऱ्या, चुका शून्य.

डी-५०३: आता विंडोज चालू करा आणि सिस्टिमच्या फायली तपासायची ती आज्ञा द्या. काळ्या खिडकीत काय टाइप करायचं ते तुम्हाला वेगळं पाठवलंय. मग हिशोबाची फाइल शनिवारचीच घ्या. सध्याची पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

खजिनदार ताई (ए-३०२): केलं. काही फायली बिघडल्या होत्या, दुरुस्त केल्या असं आलं. शनिवारची फाइल उघडली, शिल्लक पासबुकाशी जुळतेय. आता शनिवार दुपार ते मंगळवारचं सगळं पुन्हा टाकायचं आहे. त्या दिवसांत ज्यांनी चेक किंवा ऑनलाइन पैसे दिले त्यांनी कृपया मला पावतीचा किंवा व्यवहाराचा फोटो वैयक्तिक पाठवा. ग्रुपवर नको.

बी-१०४ काकू: (फोटो)

खजिनदार ताई (ए-३०२): काकू, वैयक्तिक म्हटलं. असू दे. तुमचा चेक सापडला, पहिली एन्ट्री तुमचीच करते.

बी-१०४ काकू: आणि व्याज?

खजिनदार ताई (ए-३०२): एक रुपयासुद्धा नाही.

ए-७०१: लिफ्टचं दार आज तीनदा उघडलं.

बी-४०१ काका: रोजचा बॅकअप दोन पेन ड्राइव्हवर घ्या. एक ऑफिसात, एक ताईंच्या घरी.

सेक्रेटरी: काका, उद्यापासून.

बी-४०१ काका: आजपासून. दुसरा पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे, खाली घेऊन येतो.