मदत हवी आहे: बीएसए एम२० गरम झाली की बंद पडते. मॅग्नेटो दुरुस्त करू, की काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू?

तापीकाठ (चोपडा):

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात बीएसए एम२० ही जुनी ब्रिटिश मोटारसायकल आहे. तिची ठिणगी मॅग्नेटोवर पडते, म्हणजे चुंबकाच्या जोरावर बॅटरीशिवाय वीज बनवणाऱ्या यंत्रावर. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, पुढे गर्डर फोर्क, मागे सस्पेन्शन नाहीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या, त्यातलीच ही एक. युद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमधून आजोबांनी घेतली. कापसाच्या व्यवहाराला ते चोपड्याहून अमळनेरला हिच्यावरच जायचे. नंतर कितीतरी वर्षं ती खळ्यातल्या खोलीत पोत्यांखाली पडून होती. दोन वर्षं खपून मी ती रस्त्यावर आणली. वडील आता ७४ वर्षांचे आहेत. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा ते ओट्यावरून उठून आले आणि काही न बोलता हँडलवरच्या ॲडव्हान्सच्या लिव्हरवर (ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे हिने ठरतं) अंगठा ठेवून उभे राहिले. मॅग्नेटो गेला तर ही लिव्हरही जाणार, म्हणून ती काढायची की ठेवायची, हाच आता माझ्यापुढचा प्रश्न आहे.

त्रास असा आहे. सकाळी गाडी थंड असताना काहीच तक्रार नाही. कार्बोरेटरवरचं बटण (टिकलर) दाबून पेट्रोल चढवायचं, लिव्हर अर्धी रिटार्ड करायची, म्हणजे ठिणगी उशिराकडे न्यायची, व्हॉल्व्ह लिफ्टर ओढून पिस्टन कॉम्प्रेशनच्या पुढे घ्यायचा, की दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू. यावल रस्त्याने निघालो की पंधरा किलोमीटर झकास चालते. मग अडावदच्या अलीकडे मिस मारायला लागते, ताकद जाते आणि बंद. त्यानंतर शंभर किक मारल्या तरी दाद देत नाही. निंबाखाली पाऊण तास उभी केली की पुन्हा पहिल्यासारखी सुरू. जानेवारीत हे क्वचित व्हायचं. मार्चपासून दर खेपेला होतं आणि आता आमच्याकडे पारा ४३ वर आहे.

आतापर्यंत केलेलं: प्लग दोन वेळा नवा, गॅप ०.५ मिमी. एचटी वायर (मॅग्नेटोपासून प्लगपर्यंतची) नवी. पॉइंटचा (मॅग्नेटोतला करंट तोडणाऱ्या संपर्कांचा) गॅप ०.३० मिमी, फीलर गेजने मोजलेला. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, फुल ॲडव्हान्सवर टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) आधी ११ मिमी, म्हणजे पुस्तकातलं ७/१६ इंच. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने गाडी तीन आठवडे ठेवून घेतली, पॉइंट घासून दिले, पैसे घेतले, आणि परत येताना गाडी त्याच निंबाखाली उभी राहिली. आता तो म्हणतो, मॅग्नेटो फेकून द्या, बॅटरीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक किट बसवून देतो, पुन्हा बघायला लागणार नाही. मॅग्नेटो रिवाइंड करणारा, म्हणजे आतली वायर नव्याने गुंडाळून देणारा, एकजण मिळाला आहे. दोघांनी सांगितलेला खर्च जवळपास सारखा.

गावातल्या एका वयस्कर मिस्तरींना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, "आधी देख, मंग काढ." पण नेमकं काय बघायचं? मदत करा.

शेडवाला (भुसावळ):

भाऊ, तुमचे मिस्तरी बरोबर बोलले. लक्षणं वाचून माझा संशय आर्मेचरच्या (मॅग्नेटोतल्या फिरत्या, वायर गुंडाळलेल्या भागाच्या) आतल्या कंडेन्सरवर आहे. पण एक शक्यता आधी बाजूला करा. साइड व्हॉल्व्ह इंजिन तापलं की जवळच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोलही उकळू लागतं, आणि त्यानेही गाडी अशीच थांबते. बंद पडल्या क्षणी टिकलर दाबा. पेट्रोल वर आलं तर ते पोचतंय. मग लगेच प्लग काढून सिलिंडरला टेकवा आणि सावलीत किक मारून बघा. ठिणगी नसेल किंवा बारीक पिवळी असेल, तर दोष मॅग्नेटोत.

कंडेन्सर काय करतो, ते समजलं की सगळा उलगडा होईल. आर्मेचर चुंबकाच्या दोन टोकांमध्ये फिरतं आणि त्याच्या जाड वायरीच्या वळणात करंट तयार होतो. तो पॉइंट उघडल्या क्षणी एकदम तुटायला हवा. जितका झटक्यात तुटेल तितका बारीक वायरीच्या वळणात दाब मोठा आणि ठिणगी जोरकस. पॉइंट उघडताना करंट फटीतून उडी मारायला बघतो. त्याला तेवढा क्षण आपल्यात सामावून घेतो तो कंडेन्सर. तो गळका झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते. जुने कंडेन्सर कागद आणि फॉइलचे असतात, त्यांची गळती उष्णतेने वाढते. म्हणून थंडीत चालते, उन्हात बंद पडते.

संध्याकाळी अंधारात, गाडी तापलेली असताना, पॉइंटचं झाकण काढून कोणाला तरी किक मारायला सांगा. निळी ठिणगी लखलखीत दिसली तर चोर सापडला. पॉइंट कितीही घासले तरी उपयोग नाही, कंडेन्सर मुळात बाहेर दिसतच नाही.

सिंगल सिलिंडर (पुणे):

मी दुसरी बाजू मांडतो, कारण मी दोन गाड्यांना इलेक्ट्रॉनिक बसवलं आहे आणि समाधानी आहे. पॉइंट झिजत नाहीत, टायमिंग हलत नाही, कमी आरपीएमला गाडी एकसारखी चालते, ॲडव्हान्स आपोआप होतो. नवीन माणसाला रिटार्ड करायचं विसरून पायावर उलटी किक खायची वेळ येत नाही.

पण माझ्या दोन्ही गाड्या मुळातच बॅटरी-कॉइलच्या होत्या, एक बुलेट आणि एक येझदी. तिथे चार्जिंग होतंच, फक्त पॉइंटच्या जागी सेन्सर आला. तुमच्या गाडीत ठिणगीसाठी बॅटरी लागत नव्हती, किट बसवलं की तिच्यावर विसंबावं लागेल. किटवाल्याला तीन गोष्टी विचारा: किट ६ व्होल्टचं की १२, ते किती अँपिअर ओढतं, आणि व्होल्टेज पडलं तर काय होतं. काही किटमध्ये बॅटरी उतरली की टायमिंग भरकटतं आणि किक उलटी येते. प्लग कॅपसुद्धा रेझिस्टरवाली लागते. स्वतःची वीज स्वतः बनवणारे, मॅग्नेटोच्याच आकाराचे इलेक्ट्रॉनिक युनिटही बाहेरदेशी मिळतात. ते उत्तम, पण किंमत जबर.

तापीकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुमच्या बॅटरीच्या मुद्द्यावर कागद-पेन घेऊन बसलो. माझ्या मॅगडायनोच्या (मॅग्नेटो आणि दिव्यांचा डायनामो यांच्या जोड युनिटच्या) डोक्यावरचा डायनामो ६ व्होल्टचा, ताकद ४० वॉटच्या आसपास. हेडलाइटचा बल्ब ३० वॉटचा आहे. मागचा दिवा धरला की उरतात पाचेक वॉट. किट दोन अँपिअर जरी ओढत असेल तरी १२ वॉट झाले. म्हणजे रात्री केळीच्या ट्रकांच्या मागे दिवा लावून चाललो की बॅटरी रिकामीच होत जाणार. शिवाय ही गाडी पावसाळ्याचे चार महिने उभी असते. आजोबांच्या काळी बॅटरी मेली तर फक्त दिवा जायचा, गाडी घरी यायची. हा फरक गॅरेजवाल्याने मला सांगितलाच नव्हता.

काल बंद पडल्यावर टिकलर दाबला, पेट्रोल बोटावर आलं. प्लगला ठिणगी नाही. रात्री पॉइंट पाहिले: निळी ठिणगी, काडी ओढल्यासारखी. आता मॅगडायनो उतरवून नीट तपासायचा आहे. उतरवताना काय सांभाळू?

शेडवाला:

हे शांतपणे वाचा, इथेच बहुतेकांचं नुकसान होतं.

टायमिंग गिअर मॅग्नेटोच्या निमुळत्या शाफ्टवर बसलेला असतो. पुलरनेच (गिअर सरळ ओढून काढणाऱ्या हत्याराने) काढा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. नुसती ठिणगी तपासायची असेल तर मॅग्नेटो न उघडता ड्रिल मशीनने फिरवता येतो, दिशा मात्र इंजिनवर फिरतो तीच ठेवा. मॅग्नेटो इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ड्रिलही सावकाश फिरवा. एचटी वायरचं टोक बॉडीपासून साधारण ५ मिमीवर बांधा. ते कधीही मोकळं लोंबू देऊ नका. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही तर ती आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते.

आणि आर्मेचर बाहेर ओढायची वेळ आलीच, तर आधी एचटी पिकअप, अर्थचा कार्बन ब्रश आणि बॉडीतला सेफ्टी गॅपचा स्क्रू, हे तिन्ही काढा. हे भाग स्लिप रिंगच्या (आर्मेचरवरच्या, ठिणगीचा दाब बाहेर देणाऱ्या कड्याच्या) कडांमध्ये घुसलेले असतात. विसरून आर्मेचर ओढलं की रिंगची कड तुटलीच म्हणून समजा, आणि ती रिंग सहज मिळत नाही. बेअरिंगच्या बाहेर कागदी इन्सुलेशनची कपं असतात, ती जपा. आर्मेचर निघालं की चुंबकाच्या टोकांना लोखंडी पट्टी लावा, नाहीतर चुंबक कमजोर होतो.

तपासणी दोनदा करा, एकदा थंड आणि एकदा गरम. नुसती थंड तपासणी करून "चांगला आहे" म्हणणारे खूप भेटतील.

तापीकाठ:

केलं. भावकीतल्या एकाकडून पुलर मिळाला, गिअर सुखरूप निघाला.

सकाळी सातला, थंड: ५ मिमीवर कडक, निळसर, सलग ठिणगी. मग गरम करायचं कसं? ओव्हन नाही. आई ज्या पत्र्यावर पापड वाळवते, तिथे मॅगडायनो काळ्या कापडात गुंडाळून अकरापासून अडीचपर्यंत ठेवला. काढताना हात टेकवत नव्हता, फडक्यात धरून खाली आणला. ड्रिल लावलं तर ५ मिमीवर एकही ठिणगी नाही. अंतर २ मिमीवर आणलं तेव्हा कुठे मधूनच एखादी, बारीक आणि पिवळी. झाकणाखाली पॉइंट मात्र लखलखत होते. माठाजवळ सावलीत दोन तास ठेवून पुन्हा फिरवला, ठिणगी परत आली. वडील हे सगळं शेजारी खाट टाकून बघत होते.

आणखी एक दिसलं. सावकाश हाताने फिरवताना गरम असताना आर्मेचर एका जागी किंचित चिकटत होतं.

शेडवाला:

ते चिकटणं म्हणजे जुनं शेलॅक, लाखेचं वार्निश. त्या काळी वळणं शेलॅकमध्ये बुडवायचे. ते तापलं की गुळाच्या पाकासारखं सुटतं आणि आर्मेचर बॉडीला धरू लागतं. एरवी मी म्हटलं असतं, पॉइंटच्या बाजूला बसणारा आजचा छोटा कंडेन्सर लावून काम भागवा. पण शेलॅक सुटलं असेल तर वळणांचाही भरवसा नाही. पूर्ण रिवाइंड करा. रिवाइंडरला तीनच गोष्टी विचारा: वार्निश इपॉक्सीचं वापरतो का, नवा कंडेन्सर ०.१५ ते ०.२ मायक्रोफॅरॅडच्या आसपासचा आणि उष्णता सोसणारा आहे का, आणि शेवटी चुंबक पुन्हा भारून देतो का. तिन्हींना हो म्हणाला तर काम द्या. बेअरिंगही याच वेळी बदलून घ्या.

सिंगल सिलिंडर:

सहमत. बॅटरीची गाडी असती तर मी किटच सांगितलं असतं. इथे मॅग्नेटोच ठेवा. प्लग कॅप मात्र साधी, बिनरेझिस्टरची लावा.

तापीकाठ:

अपडेट. उशीर झाला, क्षमस्व. रिवाइंडरने तिन्हींना हो म्हटलं आणि २६ दिवसांनी काम दिलं. मी घ्यायला गेलो तेव्हा त्याने माझ्यासमोर हेअर ड्रायरने तापवून ठिणगी दाखवली. पॉइंट काळोखात जवळजवळ अंधारेच होते.

टायमिंग पुन्हा ११ मिमीवर लावलं. गिअरचा नट आवळताना शाफ्ट किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावं लागलं. तीन वेळा केलं तेव्हा बसलं.

परवा मुद्दाम दुपारी एकला निघालो. चोपड्याहून अडावद, धानोरा, थेट किनगावपर्यंत. ते निंबाचं झाड आलं तेव्हा पोटात गोळा आला होता, पण एकही मिस नाही. किनगावला चहासाठी गाडी बंद केली आणि तापलेल्या इंजिनवर दुसऱ्या किकला सुरू झाली. परत येताना दिवा लावूनच आलो. दारात पोचलो तेव्हा वडील ओट्यावर होते. त्यांनी इंजिन बंद करू दिलं नाही. लिव्हर हळूहळू मागे घेत गेले, ठोके संथ संथ होत गेले, आणि हिशेबाने पुन्हा पुढे नेली. आजोबा असंच करायचे म्हणाले.

पॉइंट आज ०.३० वर आहेत. ५०० किलोमीटर झाले की पुन्हा मोजून याच धाग्यावर आकडा टाकतो.