कॉम्प्युटर परत हँग, हिशेब अडकलाय

प्रेषक: खजिनदार

घरचा डेस्कटॉप काल दोनदा आणि आज सकाळी एकदा हँग झाला. वर्गणीची एक्सेल त्यावरच आहे आणि शनिवारच्या आत ऑडिटला द्यायचीये. मागच्या वेळी सांगितलेलं सगळं करून झालं: ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला, सिस्टम फाइल्स तपासल्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त कर्नल-पॉवर ४१ दिसतंय. विंडोज नव्याने टाकू का?

प्रेषक: वेबसाइट समिती

ताई, विंडोजला हात लावू नका. ४१ म्हणजे मशीन रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच. बटण दाबून धरून बंद केलं की ती नोंद येणारच. शिवाय ती पुढच्या वेळी सुरू होताना पडते, त्यामुळे तिची वेळ ही हँगची वेळ नव्हे. ६००८ क्रमांकाची नोंद शोधा, तिच्यात बंद पडल्याची वेळ असते. त्याच्या आधीची दहा मिनिटं नीट वाचा.

पुढच्या वेळी हँग झाला की बटण दाबायच्या आधी कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा बदलतोय आणि माऊसही हलतोय, पण काहीच उघडत नाही, तर संशय डिस्कवर. दिवाही बदलत नाही, तर रॅम, पॉवर सप्लाय, बोर्ड किंवा ड्रायव्हर. नुसता पडदा काळा झाला आणि आवाज चालू असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. पडदा परत आला तर ग्राफिक्स.

प्रेषक: माजी चिटणीस

इतकं कशाला? रॅम तपासा आधी. मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, पेनड्राइव्हवर घाला, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा, रात्रभर चालवा.

प्रेषक: वेबसाइट समिती

काका, मेमटेस्ट चालवायला हरकत नाही, पण एक्सएमपी बंद करून नको. ज्या वेगावर मशीन हँग होतं त्याच वेगावर रॅम तपासायला हवी. वेग उतरवून चाचणी पास झाली तर रोजच्या सेटिंगबद्दल काहीच कळत नाही. आधी आहे तसं चार फेऱ्या. एक जरी चूक निघाली तरी ती चूकच, "एकच तर आहे" म्हणून सोडायची नाही. मग एक्सएमपी बंद करून पुन्हा. तेव्हा चुका गेल्या तर आधी वेग कमी ठेवून चालवा. तरीही राहिल्या तर रॅमची एकेक पट्टी, एकाच खाचेत, आळीपाळीने.

प्रेषक: माजी चिटणीस

मान्य. पण चार फेऱ्या स्वच्छ आल्या म्हणून रॅम सुटली असं समजू नका, आणि बाकीचं तर नाहीच. पॉवर सप्लाय लोड आल्यावर कच खातो, ते मेमटेस्टमध्ये दिसत नाही, कारण ग्राफिक्स कार्ड तेव्हा जवळजवळ मोकळंच असतं. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, आणि तेही मल्टिमीटरवर. सॉफ्टवेअरच्या आकड्यावर जाऊ नका.

प्रेषक: खजिनदार

दुपारी परत झालं. माऊस हलत होता, कॅप्स लॉकचा दिवाही बदलत होता. साधारण मिनिटभराने आपोआप सुटलं. त्या वेळची नोंद १२९, "डिव्हाइस रीसेट". याआधीच्या हँगच्या वेळी मात्र काहीच नव्हतं.

प्रेषक: वेबसाइट समिती

मग आधी डिस्कच. १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ती रीसेट केली. आणि जेव्हा ती परत आलीच नाही तेव्हा नोंद लिहायची कुठे? लॉगही त्याच डिस्कवर. म्हणून लॉग कोरा असणं हा डिस्क निर्दोष असल्याचा पुरावा नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) तीन ओळी बघा: ०५ (खराब म्हणून बदललेले भाग), सी५ (संशयित भाग), सी७ (डेटा नेताना झालेल्या चुका). आकडे तिथे हेक्समध्ये (सोळाच्या पायाने) असतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या. ०५ किंवा सी५ वाढत असेल तर डिस्क जातेय. नुसता सी७ वाढत असेल तर डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडतोय, बहुतेक वेळा केबल. आणि त्याआधी वर्गणीची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आत्ताच. चेकडिस्कची (विंडोजच्या डिस्क तपासणीची) पूर्ण फेरी त्यानंतर. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती घासणी जीवघेणी ठरते.

प्रेषक: चिटणीस

सभासद यादीची प्रत माझ्याकडे असतेच, ती कुणी वेगळी बदलू नये ही विनंती. बाकी चालू द्या.

प्रेषक: खजिनदार

फाइल घेतली. ०५ शून्य, सी५ शून्य, सी७ २१४. एसएसडी साध्या साटा केबलवर आहे.

प्रेषक: माजी चिटणीस

केबल बदला, बोर्डावरची खाचही बदला, पण एकदम नको. आज फक्त केबल. दोन्ही एकाच वेळी बदलल्या तर दोष कोणाचा होता हे कधीच कळणार नाही. क्लिप असलेली आखूड केबल घ्या, आणि ती काटकोनात मुडपू नका.

प्रेषक: वेबसाइट समिती

अगदी बरोबर. आणि ताई, २१४ हा आकडा कागदावर लिहून ठेवा. नव्या केबलने तो कमी होत नाही, बघायचं ते पुढे वाढतो का. एखादी मोठी फाइल दोन-तीनदा कॉपी करा, मशीन रीस्टार्ट करा आणि मग परत वाचा; लगेच वाचली तर ती डिस्कवरून नाही, रॅममधूनच येऊ शकते. २१४ वरच थांबला तर केबल. वाढला तर खाच बदला. तरीही वाढला तर दुसरी डिस्क लावून पाहू.

प्रेषक: खजिनदार

केबल बदलली, तीन दिवस झाले. आकडा २१४. १२९ ची नवी नोंद नाही. फाइल ऑडिटला पाठवली.